गाऱ्हाणं घालणाऱ्याचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीत बत्तीस घरं आहेत, आणि त्या बत्तीसच्या बत्तीस घरांची गाऱ्हाणी देवापुढे घालायचं काम माझं. वडलांकडून आलेलं. शिमग्यात देवाची पालखी देवळातून निघते आणि घरोघरी फिरते. अंगणात सारवलेल्या जागी पालखी टेकली की घरची बाई पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालते, देवाची ओटी भरते, आणि घरमालक माझ्या हातात नारळ देऊन कानाशी लागतो. पोराला नोकरी लागत नाही, पोरीचं जमत नाही, विहीर आटली, भावानं बांध सरकवला. ते सगळं मी नारळ ओंजळीत धरून, खड्या आवाजात, सगळ्यांदेखत देवाला सांगायचं. ज्यानं बांध सरकवला तोही तिथंच उभा असतो. माझं एक वाक्य संपलं की जमलेली वाडी एका सुरात म्हणते, "व्हय म्हाराजा!" पुन्हा एक वाक्य, पुन्हा "व्हय म्हाराजा!" ज्याचं गाऱ्हाणं असतं त्याला स्वतःला काहीच बोलावं लागत नाही. तो मान खाली घालून उभा राहतो. ह्या सगळ्या पद्धतीत मला हेच शहाणपणाचं वाटत आलंय.

त्याला दोन नियम आहेत. पालखी देवळातून निघाल्यापासून शेवटच्या घरचं गाऱ्हाणं होईपर्यंत घालणाऱ्यानं तोंड उष्टं करायचं नाही. पाणीसुद्धा नाही. सकाळी आठला निघालेली पालखी बत्तीस घरं करून परत जाईपर्यंत तीन वाजतात. वडलांनी हा नियम जन्मभर पाळला आणि मीही पुष्कळ वर्षं पाळला. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दुसरा नियम असा, की घालणाऱ्यानं स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः घालायचं नाही. माझ्या अंगणात पालखी आली की तेवढ्यापुरता नारळ माझा थोरला भाऊ हातात घ्यायचा. त्याला बोलता यायचं नाही फारसं. "ह्याला बरा ठेव" एवढंच म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. तो चार वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून पालखी माझ्या अंगणात येते, टेकते आणि गाऱ्हाण्याशिवाय उठते. कुणाला सांगावं असं मला वाटलं नाही, आणि कुणी आपण होऊन विचारलंही नाही.

मी खेडच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होतो. निवृत्त झालो आणि घरी येऊन बसलो. बायको मुलाकडे डोंबिवलीला गेली, नातवाला सांभाळायला. सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता तीन वर्षं झाली. तिचा दोष नाही. सून नोकरी करते आणि नातू आजीशिवाय जेवत नाही. मी इथं एकटा जेवतो, पण माझं वय तसा हट्ट करण्याचं नाही. आमचं घर मूळचं एक, मधे भिंत घालून दोन केलेलं. अलीकडे मी आणि पलीकडे वहिनी. तिचे दोन्ही मुलगे मुंबईला. म्हणजे एका आढ्याखाली दोन माणसं, दोन चुली, आणि चार वर्षांत मोजून दहा वाक्यं.

ती बोलेनाशी झाली त्याला कारण होतं. भाऊ गेला तेव्हा मी रडलो नाही. खरं तर रडायला आलं होतं. छाती भरून आली, घशातून आवाजही निघाला, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. डोळे नुसते चुरचुरले, वाळू गेल्यासारखे. वाडीतले लांबचे लोक पदरानं, रुमालानं डोळे पुसत होते आणि सख्खा भाऊ कोरडा ठणठणीत उभा. वहिनीनं ते बघितलं. "सख्खा भाव गेला नि टिपूस नाय," असं ती कुणाशी तरी बोलली आणि ते माझ्या कानावर आलं. मला राग आला नाही. मलाही तेच वाटत होतं. रात्रंदिवस ज्याच्या खांद्यावर बसून मी वाढलो त्याच्यासाठी मला रडू येत नाही, म्हणजे मी माणूस आहे की कोण, असं वाटून मी चार-चार दिवस कुणाला तोंड दाखवत नव्हतो.

त्याच थंडीत हात गेले. गेले म्हणजे, सकाळी उठलं की मूठ वळेना. बोटं सुजलेली, सांधे गरम. दाराची कडी काढता येईना. मी चुलीजवळचं लाटणं घेऊन ती खालून ठोकायचो. नऊ-साडेनऊला बोटं जरा मोकळी व्हायची, मग मी माणसात यायचो. हाडांच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. डोळ्यांच्या डॉक्टरनं थेंब दिले. मग अंगात जोर राहीना, घाटी चढताना तीनदा बसायचो, फाल्गुनात स्वेटर घालायचो, तेव्हा तिसऱ्या डॉक्टरनं रक्त तपासून थायरॉईड म्हणून सांगितलं. तीन डॉक्टर, तीन फायली. बायकोला फोनवर फक्त थायरॉईड सांगितलं, कारण तो हल्ली घरोघरी असतो आणि त्यानं कुणी घाबरत नाही. मुलाला हाताचं सांगितलं, कारण डोंबिवलीला त्यानं माझी बोटं पाहिली होती. डोळ्यांचं ठाऊक होतं ते औषधाच्या दुकानदाराला. तोंडाचं कुणालाच नाही. तोंड कोरडं पडतं हे काय कुणाला सांगायचं? बुरोंडीहून मोटरसायकलवर मासे घेऊन येणारा दारात थांबून विचारायचा, "काय चाचा, बांगडा नको?" आणि मी नको म्हणायचो. तिखट जिभेला लागलं की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. भाकरी पाण्यात बुडवून खात होतो.

चिपळूणला महिन्यातून एकदा मुंबईहून सांधेवाताची डॉक्टरीणबाई येते असं कळलं. माझ्या मुलीच्या वयाची. तिनं तिन्ही फायली मागितल्या आणि टेबलावर एकावर एक ठेवल्या. तोवर त्या फायली एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. तिनं माझे हात हातात घेऊन एकेक सांधा दाबून पाहिला. मग विचारलं, "काका, सुकी भाकरी पाण्याशिवाय गिळता येते का?"

मी म्हटलं, "नाही."

"बोलताना जीभ टाळ्याला चिकटते?"

"हो."

"रडताना डोळ्यांत पाणी येतं?"

मी टेबलावरच्या फायलींच्या कडा सारख्या केल्या. तिनं पुन्हा विचारलं नाही. कागदावर काहीतरी लिहिलं आणि रक्ताच्या तपासण्या सांगितल्या.

पुढच्या महिन्यात तिनं तिन्ही नावं सांगितली. संधिवात, थायरॉईड, आणि तिसरा तो कोरडेपणाचा, ज्याला कुणा परदेशी डॉक्टरचं नाव आहे आणि जो जास्त करून बायकांना होतो. "पुरुषांत कमी दिसतो," ती म्हणाली. म्हटलं, आता एवढंच राहिलं होतं. मग तिनं समजावून सांगितलं. शरीरात बाहेरच्या रोगाशी लढणारी जी फौज असते तीच माझ्यावर उलटली होती. मी ते माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. आमच्या गावाला राखणदार आहे, तो वेशीवर बसून बाहेरच्याला अडवतो. माझा राखणदार भ्रमिष्ट झाला होता आणि माझ्याच घरात शिरून भांडीकुंडी फोडत होता.

"तिन्ही एकदम कसे झाले?" मी विचारलं.

"एकाच घरचे आहेत, काका. एक आला की दुसरा येतो सोबतीला."

म्हणजे माझ्या घरात मी एकटा, आणि आजार मात्र एकत्र कुटुंबात नांदत होते. बरे होणार नाहीत, पण ताब्यात राहतील, असं ती म्हणाली. आठवड्यातून एकदाच घ्यायची पिवळी गोळी दिली, रोजच्या आणखी चार, आणि डोळ्यांत घालायला थेंब. त्या थेंबांच्या खोक्यावर इंग्रजीत जे छापलं होतं त्याचा अर्थ होतो कृत्रिम अश्रू. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत मी ते खोकं कितीदा तरी वाचलं. भाऊ गेला तेव्हा मी दगड नव्हतो, आजारी होतो. हे कुणालातरी सांगावं असं फार वाटलं. बाजूला एक म्हातारा शेंगा खात बसला होता. त्याला काय सांगणार?

वाडीत मी सांगितलं नाही, आणि त्याचं कारण नीट सांगतो. वाडीतल्या आजाऱ्यांची गाऱ्हाणी मी घालायचो. कुणाचा अर्धांगवायू, कुणाचा कर्करोग, कुणाची मूल न राहणारी सून. लोकांचा माझ्यावर म्हणजे माझ्या तोंडावर भरवसा होता, की ह्याच्या तोंडून गेलेलं देवापर्यंत पोचतं. त्याच माणसाला तीन आजार, तिन्ही बरे न होणारे. उद्या कुणी म्हणालं, ह्याचं स्वतःचंच देव ऐकत नाही, तो आमचं काय सांगणार? हे कुणी म्हणण्याआधी मीच शंभरदा स्वतःला म्हणून घेतलं होतं. त्या घरात माझ्याकडे दुसरं राहिलं होतं काय? वर्षातला तो एक दिवस गेला असता तर मी वाडीत कोण होतो?

गेल्या वर्षीच्या शिमग्यात मी पाण्याची बाटली धोतराच्या सोग्यात लपवून नेली. तीन-चार घरं झाली की पालखीच्या मागे राहायचो, फणसाआड जायचो आणि दोन घोट घ्यायचो. नियम मोडत होतो, मला ठाऊक होतं. पण पाण्याशिवाय शब्दच फुटत नव्हते. मुंबईहून आलेल्या कुणीतरी मोबाईलवर चित्रीकरण करता करता मला त्या फणसाआड टिपलं. डोळे लाल, पाय फेंगडे, हातात बाटली, आणि मी चोरून तोंडाला लावतोय. वाडीच्या ग्रुपवर ते फिरलं. खाली लिहिलं होतं, 'काका जोरात'. हसणारी तोंडंही पुष्कळ होती. त्यानंतर लोक मला बघितलं की जरा जास्तच प्रेमानं बोलायला लागले, दारुड्याशी बोलतात तसं. मी एकदाच काय ती चाखलेली, तरुणपणी पोफळीच्या कॉलनीत साडूकडे, आणि तिथंच त्याच्या दारात ओकलो होतो. पण मी खुलासा केला नाही. दारुड्या माणसाचं गाऱ्हाणं देव ऐकतो अशी लोकांची समजूत आहे. आजाऱ्याचं ऐकतो अशी नाही. निदान मला तसं वाटत होतं.

यंदा होळीच्या आठ दिवस आधी देवळात बैठक बसली. वाडीच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष खास त्यासाठी आला होता. चांगला मुलगा आहे, माझ्या हाताखाली शाळेत होता. तो खूप वेळ घसा खाकरत राहिला.

"काका, तुमचा मान आहे, तो तुमचाच. पन देवाचं काम आहे. बाटली नको. एवढं नारळावर हात ठेवून सांगा, आमी पुढं काय बोलणार नाय."

देवळाच्या पायरीवर बायका बसल्या होत्या, त्यांत वहिनीही होती. मी नारळावर हात ठेवला आणि सांगितलं, की शिमग्यात दारूला शिवणार नाही. इतकी सोपी शपथ मी आयुष्यात घेतली नव्हती. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. बाटली न्यायची नाही, पाणी नाही, हे आपोआपच ठरलं. घरी येताना मला माझ्याच हुशारीचा राग येत होता. खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण नाही उघडलं.

शिमग्याच्या दिवशी सकाळी थेंब घातले, तांब्याभर पाणी प्यालो, लाटण्यानं कडी ठोकली आणि निघालो; मूठ वळत नव्हती, पण नारळ ओंजळीतच धरायचा असतो. बायकोचा फोन आला होता. नातवाची परीक्षा होती म्हणून ती आली नाही. पहिली आठ घरं गेली. बाराव्या घरी जीभ जड झाली. मी वाक्यं आखूड करायला लागलो. लोकांना वाटलं असेल काका यंदा उरकतायत. अठरावं घर माझं. पालखी टेकली, कुणीतरी फुलं वाहिली, पालखी उठली. एकोणिसावं घर वहिनीचं.

तिनं पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घातलं, ओटी भरली. तिचा थोरला मुलगा आला होता, त्यानं नारळ माझ्या हातात दिला. मी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा," आणि पुढे काहीच आलं नाही. जीभ टाळ्याला चिकटली ती सुटेना. ओठ हलत होते. लोक पुढच्या वाक्यासाठी थांबले होते. कुणीतरी मागे हसलं, आणि कुणीतरी त्याला गप्प केलं, आणि ते गप्प करणं मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. सुजलेल्या बोटांची पकड सुटायला लागली. आता नारळ पडतो, असं वाटलं.

वहिनी पुढे आली. पाय धुवायला आणलेल्या हंड्यातला तांब्या भरून तिनं माझ्यापुढे धरला.

"प्या."

मी मान हलवली.

"प्या आदी. देव रागावला तं माज्यावर रागवूं दे."

मी प्यालो. सगळ्या वाडीसमोर, गटागटा, अर्धं पाणी छातीवर सांडत. ती माझं पिऊन होईपर्यंत थांबली, मग माझ्या ओंजळीतला नारळ तिनं काढून घेतला. आमच्याकडे बाईनं गाऱ्हाणं घातलेलं कुणी पाहिलेलं नाही. तिनं पदर सारखा केला आणि पालखीकडे तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्यो माजा दीर. आमा सगल्यांची गाऱ्हानी घालतो, पन ह्याचं घालायला ह्याचा भाव ऱ्हायला नाय. म्हनून मी घालतंय. बाईमानसानं घातलं म्हनून राग धरू नको."

पालखीचा दांडा धरून उभा असलेला म्हातारा मानकरी जमिनीकडे बघत होता.

"नऊ वाजंपर्यंत ह्याच्यानं दाराची कडी निगत नाय. लाटन्यानं ठोकतो. मी भितीपलीकडनं रोज आयकतंय. भाकर पान्यात बुडवल्याबिगर ह्याच्या गल्याखाली उतरत नाय. ह्याचा भाव गेला तवा ह्याच्या डोल्यात टिपूस आला नाय, तं मी ह्याला दगड बोलले. पन दगड कशाला पडवीत बसून डोल्यात रोज थेंब घालील?" तिनं नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. "गेल्या साली हा बाटली माज्या वटीवर इसरून गेलावता. मी हुंगली. पानीच व्हतं. सगले हसत व्हते नि मी गप ऱ्हायले. ती माजी चूक झाली, ती पोटात घाल म्हाराजा."

तो म्हातारा मानकरी खालच्या आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग बाकीचे म्हणाले, पण नेहमीच्या जोरात नाही.

"ह्याला काय झालंय त्याचं नाव माला म्हाईत नाय." ती माझ्याकडे वळली. "सांगा वो भावजी. देवाला नाव नको काय कलायला?"

भिंतीपलीकडे एक माणूस रोज माझी कडी ऐकत होतं, ह्याचाच मला धक्का बसला होता. चार वर्षं मी समजत होतो तिकडे फक्त राग राहतो. मी पालखीकडे बघून म्हटलं, "संधिवात."

"व्हय म्हाराजा."

"थायरॉईड."

"व्हय म्हाराजा."

"तोंडाचा नि डोळ्यांचा कोरडेपणा. तिन्ही एकाच घरचे आहेत. बरे व्हायचे नाहीत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सवयीनं सगळ्यांनी जोरात होकार भरला. मग काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि अध्यक्ष घाईनं म्हणाला, "नाय नाय, व्हतील." मला हसू आलं. वहिनीलाही आलं असावं, तिनं पदर तोंडाला लावला.

हे इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण अजून तेरा घरं उरली होती. आता मला प्रत्येक अंगणात पाणी मिळत होतं, बसायला खुर्ची मिळत होती. अध्यक्षानं ते चित्रीकरण माझ्यादेखत ग्रुपवरून काढलं आणि दोनदा माफी मागितली. गाऱ्हाणी मी नीट घातली, आवाजही लागला. पण विसाव्या घरापासून एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. लोक कानाशी येऊन नोकरीचं सांगत होते, लग्नाचं सांगत होते, पिकाचं, गुरांचं, नव्या घराच्या परवानगीचं सांगत होते. आजारपणाचं कुणीच सांगत नव्हतं. चोविसाव्या घरी म्हातारा अंथरुणाला खिळलेला होता, तो मला ओटीवरून दिसत होता. त्याचा मुलगा म्हणाला, "सगल्यांना सुकात ठेव, एवढंच घाला." सत्ताविसाव्या घरच्या बाईला आठवड्यातून दोनदा मशीनवर नेतात, तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. तिचा नवरा माझ्या डोळ्यांत न बघता म्हणाला, "पिकापान्याचं घाला, काका." मी पिकापाण्याचं घातलं. वाडीनं होकार भरला.

ज्याला मी दोन वर्षं भीत होतो तेच झालं होतं. कुणी वाईट वागलं नाही, कुणी शब्दानं दुखवलं नाही. फक्त त्यांनी आपली दुखणी माझ्या तोंडातून काढून घेतली. जाताना अध्यक्ष म्हणाला, "काका, पुडच्या वर्साचं मंग बगू." मी म्हटलं, "बघू." चाकरमानी गेले, वाडी रिकामी झाली. वहिनी आता भिंतीवर थाप मारून चहा झाला का विचारते, ते चांगलंच आहे. पण दुपारी एकटा बसलो की ती तेरा अंगणं डोळ्यांसमोर यायची. ठरवून टाकलं होतं, मुंबईला कळवायचं, की पुढच्या वर्षी दुसऱ्याला द्या. कागदही घेतला होता. लिहायला बोटं वळत नव्हती, हे एक निमित्त होतं.

पाडवा झाल्यावर चार दिवसांनी, दुपारी चारच्या सुमारास, सत्ताविसाव्या घरची ती बाई माझ्या पडवीत येऊन उभी राहिली. मशीनवरून आलेल्या दिवशी ती घराबाहेर पडत नाही, म्हणजे तो मधला दिवस होता. एवढं चालून तिला दम लागला होता. मी पाणी पुढे केलं तर म्हणाली, "माला मोजूनच प्याचं हाय, काका." माझं पाण्याशिवाय चालत नाही आणि तिला पाणी चालत नाही. मी तांब्या आमच्या मधे ठेवला.

मग तिनं पिशवीतून एक नारळ काढला आणि एक फाईल.

"आमच्या मालकानी पिकापान्याचं घालाय लावलं. माला पिकाशी काय कराचाय?"

म्हटलं, "त्यांना वाटलं असेल, माझंच…"

"त्यांना काय वाटलं त्यांचं त्यांच्याकडं. तुमी तीन सालं माजं गाऱ्हानं घालताव, काका. दर साली काय बोलताव? 'हिचं दुकनं-खुपनं दूर कर.' आवो, दुकनं-खुपनं तं गुडग्याचंबी आसतं." ती थांबून श्वास घेऊ लागली. "त्या दिवशी तुमी तुमचं नावानिशी सांगितलंत. मी आंगनाच्या गडग्याकडं उभी ऱ्हावून आयकत व्हते. माजंबी तसं सांगा. माला वाचता येत नाय, म्हनून फाईल आनली."

मला लाज वाटली. इतकी वर्षं, अर्धांग असो की कर्करोग, सगळं मी त्या दोन शब्दांत गुंडाळून देवापुढे टाकत आलो होतो. कुणाला विचारलंही नव्हतं, की तुमचं नक्की काय आहे. चष्मा लावला आणि तिची फाईल पहिल्या पानापासून वाचली. जिथं कळेना तिथं तिला विचारलं. सुई कुठं टोचतात, किती तास, परत येताना गाडीत काय होतं, भीती कधी वाटते. तिनं सगळं सांगितलं. तिला कुणी हे विचारलेलं नव्हतं, असं दिसत होतं.

पालखी नव्हती, देव देवळात होता. मी त्या दिशेला तोंड करून उभा राहिलो. नारळ ओंजळीत घेतला तर बोटं धरेनात. तिनं खालून आपला हात माझ्या हातांखाली दिला. तिच्या मनगटावर, जिथं सुया टोचतात, तिथली शीर फुगून थरथरत होती, ती माझ्या बोटांना लागत होती. मी एकेक गोष्ट नावानिशी सांगितली. घाई केली नाही. मधे दोनदा थांबून पाणी प्यालो, आणि तीही थांबली.

शेवटचं वाक्य संपलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

घालणाऱ्यानं होकार भरायचा नसतो. पण तिचा आवाज त्या रिकाम्या पडवीत फारच एकटा पडला, म्हणून मीही म्हटलं, "व्हय म्हाराजा."